त्या आईचं काय चुकलं होतं?

परवा कपाट आवरताना १९८१ सालचा वर्गाचा फोटो सापडला. मागच्या रांगेत कडेला एक मुलगा, सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि हा भलतीकडेच. पोटात कालवलं.

त्याला तीसपर्यंत पाढे तोंडपाठ होते, पण हाक मारली तर ओ देत नसे. घंटा वाजली की कानांवर हात. एक दिवस मी त्याच्या आईला शाळेत बोलावलं आणि म्हटलं, "घरी कुणी बोलत नाही का हो याच्याशी? जरा लक्ष देत जा." ती काहीच बोलली नाही. पदर तोंडाला लावून निघून गेली. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द माझ्या कानावर पडला तो निवृत्तीच्या सुमारास. मग वाचत गेले आणि कळलं, मी जे एका आईला बोलले तेच मोठमोठे विद्वान वर्षानुवर्षं असंख्य आयांना सांगत होते!

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अशा ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात आईवडिलांच्या कोरडेपणाचाही उल्लेख होता. पुढे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात आईच्या मायेचा अभाव हेच कारण ठरवून टाकलं. पुरावा काहीच नाही, शिक्षा मात्र आयांना. खुद्द कॅनर यांनी १९६९ साली पालकांच्या एका सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केलं.

नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉपलर यांनी तर उलटीच वाट धरली. हिटलरच्या जर्मनीतून लहानपणी घरच्यांबरोबर बाहेर पडलेला हा माणूस. त्यांनी आईवडिलांनाच सोबतीला घेतलं. मुलाबरोबर काम कसं चालतं ते पालक काचेआडून बघत, मग घरी तसं करून पाहत. उपयोग होतो असं दिसल्यावर पालकांनीच लोकप्रतिनिधींचा पाठपुरावा केला आणि १९७२ साली हे काम कायद्याने, सरकारी खर्चाने राज्यभर सुरू झालं. त्याचं नाव टीच.

म्हणजे मी त्या माउलीला बोलले त्याच्या ९ वर्षं आधी!

पण मंडळी, अशा कामाला तज्ज्ञ लागतात. आपल्या गावाखेड्यांत ते आणायचे कुठून? याचं एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात शोधलं गेलं. ब्रिटनमध्ये १५२ मुलांवर तपासलेली एक पद्धत होती (निष्कर्ष २०१० चे). आई मुलाशी खेळते, त्याचं चित्रण करायचं, मग दोघींनी बसून ते बघायचं. मुलाने कुठे प्रतिसाद दिला, तेव्हा आईने नेमकं काय केलं होतं, ते हेरून तेच वाढवायचं. चुका काढत बसायचं नाही. गोव्यातल्या 'संगत' संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या मंडळींनी ती आपल्याकडच्या घरांना जुळेल अशी बेतून घेतली आणि तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना शिकवली. दोन्हीकडची मिळून ६५ मुलं. २०१५ च्या अखेरीस निष्कर्ष आले. पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले होते आणि मूल आपणहून जास्त संवाद सुरू करू लागलं होतं. एका बाबतीत, दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याच्या वेळेत, मात्र घट दिसली. तीही त्यांनी लपवली नाही. जादू नाहीच ही.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला. पण कायदा आणि संशोधन कागदावरच राहतं, जोवर शाळेतल्या बाईंना, अंगणवाडीतल्या ताईंना ते कुणी शिकवत नाही. मला कुणी शिकवलं नव्हतं, हे खरं. म्हणून मी सुटले असं मात्र वाटत नाही.

त्या आईला तेव्हा इतकंच विचारायला हवं होतं, "घरी तो कशात रमतो हो? मलाही दाखवा."

असो. फोटो परत कपाटात ठेवला नाही. टेबलावरच आहे.