ठिपका आणि तक्ता: एकाच पुड्यावरच्या दोन खुणा

बिस्किटाचा कुठलाही पुडा हातात घ्या. पुढे हिरवा ठिपका असतो, मागे पोषणमूल्यांचा तक्ता. ठिपका दिसला की काम झालं. तक्त्यासाठी पुडा उलटायचा, बारीक अक्षरं वाचायची आणि वर गणितही करायचं. ‘ग्राहक लेबल वापरतात का?’ असा विषय घ्यायचा विचार असेल, तर आधी या दोन खुणांचा इतिहास बघूया.

आपल्याकडे अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ सालचा. नावातच त्याची चिंता दिसते: भेसळ. याच कायद्याच्या नियमांत २००० साली मांसाहारी पदार्थांसाठी तपकिरी खूण आली आणि २००१ मध्ये शाकाहारी पदार्थांसाठी हिरवी. व्याख्या करताना दूध वगळलं, अंडं मात्र मांसाहारात धरलं. म्हणजे अंड्याचा केक आणि चिकन सॉसेज, दोन्हींवर खूण एकच. पोषणमूल्यांची माहिती सक्तीची झाली ती नंतर, २००८ च्या दुरुस्तीने.

आता फरक कुठे आहे ते बघा. ‘हे आपल्याला चालतं का?’ हा प्रश्न घराघरांत ठिपक्याच्या आधीपासून होता. खुणेने फक्त उत्तर दिलं. तक्ता मात्र ‘यात सोडियम किती?’ या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि तो प्रश्न दुकानात उभं राहून किती जण विचारतात? समजा १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. त्याचं मीठ काढायला साधारण अडीचने गुणायचं, म्हणजे २ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. हे सगळं माहीत असेल तरच तो आकडा बोलतो. रक्तदाब असलेल्या माणसाला नेमका हाच आकडा हवा असतो. उलट हिरवा ठिपका तब्येतीबद्दल काहीच सांगत नाही. बटाट्याच्या वेफर्सवरही तो असतोच.

चिलीने यावर वेगळा मार्ग काढला. २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा कॅलरी मर्यादेपेक्षा जास्त असतील, तर पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळा अष्टकोन छापावा लागतो. थोडक्यात, तक्त्याचाच ठिपका केला. त्यानंतर असा शिक्का लागणाऱ्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पण घाई करू नका! त्याच कायद्याने मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळांतल्या विक्रीवरही बंधनं आणली होती. घट एकट्या अष्टकोनामुळे झाली असं त्यातून म्हणता येत नाही.

भारतात २०२२ साली पुढच्या बाजूला तारे देण्याचा मसुदा आला आणि वाद सुरू झाला: ग्राहकाला गुण दाखवायचे की इशारा द्यायचा? इथे चांगल्या संशोधनाला भरपूर जागा आहे. फक्त प्रश्नावलीत ‘तुम्ही लेबल वाचता का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘हो’ म्हणणं सोपं असतं. दिसलं का, समजलं का आणि त्यामुळे पिशवीत पडणारी वस्तू बदलली का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. प्रत्येक वेगळा मोजावा लागतो. आपल्या प्रबंधाला यातला कोणता विचारायचाय, ते आराखडा लिहिण्याआधीच ठरवा.