ब्रिटिश सुपरमार्केटांची पुरवठा साखळी आणि पर्यावरण

ब्रिटिश सुपरमार्केटांची पुरवठा साखळी ही शेत, प्रतवारी व वेष्टन केंद्रे, वाहतूक, शीतगृहे आणि दुकाने यांची जोडलेली व्यवस्था आहे. तिचा पर्यावरणावरील भार मुख्यतः दुकानाबाहेर निर्माण होतो. २०१८ साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पूअर व नेमेचेक यांच्या जागतिक अभ्यासानुसार, अन्नाशी निगडित हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्के, तर किरकोळ विक्रीचा सुमारे ३ टक्के आहे. उरलेल्यातील बहुतेक वाटा शेती, पशुपालन आणि जमिनीच्या वापरातील बदल यांचा आहे. त्यामुळे विक्रेत्याच्या हातातील सर्वांत प्रभावी साधन म्हणजे त्याच्या खरेदीच्या अटी होत.

खरेदीच्या अटी

आकार, रंग व लांबीचे निकष कडक असले की खाण्यायोग्य माल शेतातच नाकारला जातो. केनियातून ब्रिटनला जाणारी फरसबी हे याचे ठळक उदाहरण आहे. शेंगा पाकिटात एकसारख्या बसाव्यात म्हणून त्यांची टोके कापली जात आणि प्रत्येक शेंगेचा काही भाग वाया जाई. त्यासाठी वापरलेले पाणी व खतही वाया जाई आणि नुकसान शेतकऱ्याच्या माथी पडे. काही विक्रेत्यांनी पुढे ही अट शिथिल केली.

मागणी ऐन वेळी घटवल्यानेही उभे पीक वाया जाते. २०१० साली लागू झालेली किराणा पुरवठा संहिता मोठ्या विक्रेत्यांवर याबाबत बंधने घालते व २०१३ पासून तिच्या पालनासाठी स्वतंत्र अधिकारी आहे. मात्र संहितेचे संरक्षण थेट पुरवठादारांपुरतेच आहे. निर्यातदारामार्फत माल देणारा शेतकरी तिच्या कक्षेत येत नाही.

अशा अटींचा परिणाम महाराष्ट्रातही दिसतो. युरोपात जाणाऱ्या नाशिक परिसरातील द्राक्षांना कीटकनाशकांच्या अंशांच्या मर्यादा पाळाव्या लागतात आणि 'ग्रेपनेट' या प्रणालीद्वारे मालाचा माग बागेपर्यंत काढता येतो.

नासाडी

टेस्कोने २०१३ साली जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार पिशवीबंद सॅलडपैकी ६८ टक्के वाया जात होते, त्यातील मोठा भाग ग्राहकांच्या घरी. यानंतर कंपनीने मोठ्या पिशव्यांवरील 'एकावर एक' स्वरूपाच्या सवलती बंद केल्या. २०१८ साली तिने सुमारे ७० फळे-भाज्यांवरील 'या तारखेपूर्वी उत्तम' ही सूचनाही काढली. ही तारीख दर्जाविषयी असते, सुरक्षिततेविषयी नव्हे. तरीही ती पाहून चांगला माल टाकून दिला जाई.

वाहतूक व शीतकरण

अंतर हा एकमेव निकष मानणे फसवे ठरते. हिवाळ्यात ब्रिटनमधील तापवलेल्या हरितगृहातील टोमॅटोपेक्षा स्पेनहून ट्रकने आलेल्या टोमॅटोचे उत्सर्जन सामान्यतः कमी भरते. विमानाने येणाऱ्या नाशवंत मालाचे मात्र तसे नाही.

दुकानातील शीतकपाटांतून गळणारे वायूही दुर्लक्षित राहतात. आर-४०४ए या शीतकाची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट आहे. त्यामुळे अनेक दुकानांत खुद्द कार्बन डायऑक्साइडच शीतक म्हणून वापरला जाऊ लागला आहे. उघड्या शीतकपाटांना दारे बसवल्याने विजेचीही बचत होते.