रोजच्या स्वयंपाकाची बखर

सवाई माधवरावांच्या लग्नाच्या बंदोबस्ताची याद इतिहासप्रेमी वाचकांच्या परिचयाची आहे. पाहुण्यांची सरबराई, पंक्तींची शिस्त, सारे काही तीत बारकाईने नोंदलेले आहे. परंतु त्याच पुण्यात, सण नाही, पाहुणा नाही, अशा एखाद्या साध्या मंगळवारी सामान्य घरातील पानात काय वाढले होते, हे कोणत्याही दप्तरात सापडणे कठीण. दप्तरे खर्चाची आणि समारंभांची असतात. रोजचे जेवण राहते ते बोलण्यात, विहिरीवर, ओट्यावर, दोन घरांमधल्या भिंतीवरून विचारलेल्या "आज काय केलंत, वहिनी?" या प्रश्नाच्या उत्तरात. ते उत्तर कोणी लिहून ठेवत नाही, कारण उद्या पुन्हा विचारता येणार असते.

ते लिहिले जाते केव्हा? माझ्या मते, उद्या विचारता येणार नाही असे वाटू लागते तेव्हा. आपल्या गद्याच्या आरंभीच याचा दाखला आहे. चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी ठिकठिकाणी हिंडून त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. तत्त्वज्ञानाच्या ओढीने हा ग्रंथ उघडणाऱ्यास आश्चर्य वाटते ते त्यातील जेवणांचे. कोणी काय रांधून आणले, कोणी काय वाढले, स्वामींनी त्यावर काय म्हटले, हेही भक्तांनी जिवापाड जपले होते. दुरावलेल्या माणसाची आठवण आपण आजही अशीच काढतो.

दुसरा दाखला आपल्यासारख्या दूरदेशी राहिलेल्यांचाच आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरास मराठी राज्य स्थापिले. त्या दरबाराच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. धान्ये, भाज्या, दूधदुभते यांचे गुणदोष सांगताना त्यांत मराठी नावे जागोजागी डोकावतात. पुढे सरफोजीराजांच्या काळात (१७९८ ते १८३२) पाककृती मराठीतून लिहिल्या गेल्या. कावेरीकाठच्या भातखाऊ मुलखात मराठी पाकशास्त्र लिहून ठेवण्याची निकड भासली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तमिळ घरांतून उडदाच्या पिठाची 'डांगर पच्चडी' केली जाते. तिचे नाव ऐकून आपल्याकडील डांगर न आठवणारा मराठी माणूस विरळा. (सांबार हे संभाजीराजांच्या नावावरून आले, ही गोष्ट मात्र चवीपुरतीच घ्यावी. तिला समकालीन आधार कोणी दाखविलेला नाही.)

बोलण्यातून चालणाऱ्या परंपरेची एक गंमत अशी, की ती आपले बदल विसरून जाते. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीचे उदाहरण घ्या. मिरची, शेंगदाणे आणि बटाटा ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातील. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा यांपैकी एकही वस्तू आपल्याकडे नव्हती. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांचाच. साबुदाणा पूर्वी पूर्वेकडील बेटांतून येई, तो एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्याचा. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली आणि तमिळनाडूत सेलमच्या परिसरात टॅपिओका कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा फोफावला. हा कंदही अमेरिकेचाच! उरले तूप, जिरे आणि मीठ. दक्षिणेत बदली झालेल्या गृहस्थांनी "इकडे आपले उपासाचे काही मिळत नाही" अशी तक्रार करण्यापूर्वी सेलमचे स्मरण करावे. हे पदार्थ आपल्या चुलीवर कोणत्या दिवशी आले, हे कोणत्याही बखरीत नाही. कोणी शेजारणीला सांगितले, तिने करून पाहिले, आणि दोन पिढ्यांनी ते "आमच्या आजीच्या वेळचे" झाले.

छापील पुस्तकांची कथाही याहून फार निराळी नाही. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र'. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि लग्न होऊन परगावी निघालेल्या कितीतरी मुलींच्या पेटीत जाऊन बसले. त्यातील मापे वाटी-चमच्याची होती. नव्या बिऱ्हाडात सासू जवळ नाही, आई दूर, पण वाटी मात्र असतेच.

आपल्या मंडळाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे एक काळजी वाटते. पन्नास वर्षांच्या इतिवृत्तांत गणेशोत्सवाच्या प्रसादाचा, कोजागरीच्या दुधाचा हिशेब सापडेल. पुरणपोळी आणि मोदक आपल्या नातवंडांना ठाऊक आहेत व राहतील. परंतु मेतकूट-भात, कुळथाचे पिठले, ताकातली पालेभाजी, कळण यांना उत्सवात स्थान नाही. ते गेले तर गाजावाजा न होता जातील. शिवाय गावी राहिलो असतो तर जे घडते ना, ते येथे घडले आहे. नागपूर, कोल्हापूर, रत्नागिरी, जळगाव येथील बायका मंडळाच्या एकाच सतरंजीवर बसल्या. एकीची वरणफळे ती दुसरीच्या चकोल्या, हे तेथेच उमगले. गोडा मसाला, काळा मसाला आणि कांदा-लसूण मसाला यांची अदलाबदल झाली. क्वचित त्यावरून रुसवेही झाले. 'मराठी जेवण' असे जे आपण परप्रांतीय शेजाऱ्यांना मोठ्या ऐटीने सांगतो, ते पुष्कळ अंशी या सतरंजीवर शिजलेले आहे.

त्याचे कागदपत्र कोठे असतील तर ते जुन्या वह्यांत. अशा वहीत पदार्थाच्या नावाखाली बहुधा कोणाचे तरी नाव असते, "नागपूरच्या काकू" किंवा "वरच्या मजल्यावरच्या वहिनी". आणि मिठाच्या पुढे, मापाच्या जागी, "अंदाजाने".