अलिबागच्या 'इस्रायल आळी'त सिनेगॉग कसं आलं?

अलिबागला जाणारे बहुतेक जण कुलाबा किल्ला बघतात, किनाऱ्यावर फिरतात आणि परततात. पण याच गावात एका आळीचं नाव 'इस्रायल आळी' आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या देशाशी या नावाचा संबंध नाही. ते पडलंय इथं राहणाऱ्या बेने इस्रायल समाजावरून. याच आळीत 'मागेन आबोथ' हे ज्यूंचं प्रार्थनालय, म्हणजे सिनेगॉग आहे. हिब्रूतल्या या नावाचा अर्थ 'पूर्वजांची ढाल'.

बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. समाजातली परंपरा सांगते, की फार पूर्वी नवगावजवळ एक जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. आजचा समाज स्वतःला त्यांचे वंशज मानतो. हे लोक कोकणातल्या गावांमध्ये पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आडनावंही गावांवरून पडली: किहीमकर, पेणकर, नवगावकर.

गंमत म्हणजे इतकी शतकं या समाजाकडे एकही सिनेगॉग नव्हतं. धर्मग्रंथही हाताशी नव्हते. शब्बाथ, सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना, एवढ्यावर धर्म टिकला. पुढे कोचीच्या ज्यूंकडून धार्मिक शिक्षण मिळालं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी हिब्रू शिकवली. जॉन विल्सन यांनी तर हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. हेतू धर्मांतराचा होता, पण झालं उलटंच: हिब्रू वाचता आल्यावर समाज आपल्या धर्माशी आणखी घट्ट जोडला गेला.

आधी मुंबई, मग कोकण

समाजाचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. बेने इस्रायल लोक सिनेगॉगला 'मशीद'च म्हणत. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगितलं जातं. कोकणात रेवदंड्याला १८४२ मध्ये, अलिबागला १८४८ मध्ये आणि पनवेलला १८४९ मध्ये सिनेगॉग उभी राहिली. आंग्र्यांचं संस्थान खालसा होऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. अलिबागची आजची इमारत मात्र १९१० च्या पुनर्बांधणीतली आहे.

आत मूर्ती किंवा चित्र नाही. तोराच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, 'हेखाल', जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे इथून पश्चिमेला असतं. मधोमध प्रार्थना म्हणवून घेणाऱ्यासाठी कठडा असलेला चौथरा असतो. त्याला 'तेवा' म्हणतात.

पण नुसती इमारत असून भागत नाही. सामूहिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ ज्यू पुरुष लागतात. या संख्येला 'मिन्यान' म्हणतात. एकेकाळी अलिबागमध्ये ही अडचणच नव्हती. इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी भारतात सुमारे २० हजार बेने इस्रायल होते. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यातले बहुतेक तिकडे गेले. आज भारतात काही हजारच उरलेत, तेही मुख्यतः मुंबई-ठाण्यात. अलिबागमध्ये तर मोजकीच घरं.

जे गेले त्यांचं तिथं लगेच स्वागत झालं, असंही नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं लग्नाच्या बाबतीत बेने इस्रायलांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. ग्रंथ नसतानाही कोकणात शतकानुशतकं शनिवार पाळलेल्या समाजाला पुरावा मागितला गेला! जेरुसलेममध्ये आंदोलन झालं. शेवटी १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ते पूर्णपणे ज्यूच आहेत, असा ठराव केला. इकडे महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये.

मागेन आबोथ अजूनही प्रार्थनास्थळच आहे, त्याचं संग्रहालय झालेलं नाही. मुंबई-ठाण्याहून आणि इस्रायलहून आलेली कुटुंबं इथं थांबतात आणि पुढे जवळच्या खंडाळे गावाकडे जातात. एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, रथातून स्वर्गात गेले तेव्हा त्यांचा रथ तिथल्या खडकाला टेकला, अशी समाजाची श्रद्धा आहे. तिथं नवस फेडायला 'मलिदा' करतात: गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं.