नॅशनल फुटबॉल लीग : दूरचित्रवाणी-प्रेक्षकसंख्येतील घट

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल सामन्यांचे दूरचित्रवाणीवरील प्रेक्षक २०१६ व २०१७ या लागोपाठच्या दोन हंगामांत कमी झाले. त्या घटीचे स्वरूप आणि तिची सांगितली जाणारी कारणे हा या नोंदीचा विषय आहे. नॅशनल फुटबॉल लीग (यापुढे ‘एनएफएल’) ही ३२ संघांची संघटना आहे. तिचा नियमित हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होऊन वर्षअखेरीस किंवा जानेवारीच्या आरंभी संपतो. त्यानंतर बाद फेरीचे सामने होतात आणि फेब्रुवारीत ‘सुपर बोल’ हा अंतिम सामना होतो. बहुतेक सामने रविवारी दुपारी, तर काही निवडक सामने गुरुवारी, रविवारी व सोमवारी रात्री दाखवले जातात. २०११ च्या हंगामापासून एनबीसी वाहिनीवरचा रविवार-रात्रीचा सामना हा अमेरिकेत रात्रीच्या मुख्य वेळेत सर्वाधिक पाहिला जाणारा कार्यक्रम ठरत आला होता. त्यामुळे ही घट क्रीडापृष्ठापुरती न राहता राजकीय चर्चेचा विषय झाली.

आकडे. नियमित हंगामातील एका सामन्याचे सरासरी प्रेक्षक २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ७९ लाख होते. २०१६ मध्ये ते सुमारे १ कोटी ६५ लाखांवर आले, म्हणजे जवळपास ८ टक्क्यांची घट. २०१७ मध्ये आणखी सुमारे १० टक्के घट होऊन सरासरी १ कोटी ४९ लाखांवर उतरली. दुपारच्या सामन्यांपेक्षा रात्रीच्या सामन्यांना हा फटका अधिक बसला. सुपर बोलचे प्रेक्षकही फेब्रुवारी २०१५ मधील सुमारे ११ कोटी ४४ लाखांवरून फेब्रुवारी २०१९ पर्यंत ९ कोटी ८२ लाखांच्या आसपास आले. पुढे २०१८ च्या नियमित हंगामात सरासरी १ कोटी ५८ लाख व २०१९ मध्ये १ कोटी ६५ लाख अशी चढत गेली.

मोजणीची पद्धत. वरील आकडे नील्सन या संस्थेच्या मोजणीतून येतात. कारणांची चर्चा करण्याआधी या आकड्यांचा अर्थ लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण या विषयावरचे बरेच वाद त्यांच्या चुकीच्या वाचनातून उद्भवले आहेत.

नील्सन देशभरातील निवडक घरांत मापनयंत्रे बसवते. त्या काळात अशी सुमारे ४० हजार घरे होती. दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या प्रत्येकाने आपल्या नावाचे बटण दाबायचे, ही १९८७ पासूनची पद्धत आहे. त्या नोंदींवरून संपूर्ण देशाचा अंदाज बांधला जातो. जाहीर होणारा ‘सरासरी प्रेक्षक’ हा आकडा सामना पाहिलेल्या माणसांची मोजदाद नसतो. प्रक्षेपणाच्या प्रत्येक मिनिटाला किती लोक समोर होते, त्याची ती सरासरी असते. तीन तासांचे प्रक्षेपण २ कोटी लोकांनी लावले आणि प्रत्येकाने त्यातला दीड तास पाहिला, तर सरासरी १ कोटी भरते. त्याच २ कोटी लोकांनी पुढच्या वर्षी सव्वा तास पाहिला, तर एकही माणूस न गमावता सरासरी सुमारे १७ टक्क्यांनी उतरते.

२०१६ मध्ये जे घडले ते बरेचसे याच जातीचे होते. सामना लावणाऱ्यांची एकूण संख्या फारशी कमी झालेली नाही. लोक कमी सामने पाहतात आणि पाहिलेला सामना लवकर सोडतात, असे त्या हंगामात लीगच्या अधिकाऱ्यांनी मांडले. हे म्हणणे लीगच्या सोयीचे असले, तरी मोजणीच्या तर्काला धरून आहे. यावरून ‘लोकांनी फुटबॉलकडे पाठ फिरवली’ हे विधान त्या आकड्यांतून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, पाहण्याचा वेळ आटला.

दुसरी मर्यादा घराबाहेरच्या प्रेक्षकांची. बार, उपाहारगृहे, हॉटेले व विमानतळ येथे सामना पाहणारे लोक त्या वर्षांत राष्ट्रीय आकड्यांत धरले जात नसत. ते २०२० पासून धरले जाऊ लागले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये या मोजणीची व्याप्ती वाढवण्यात आली. सप्टेंबर २०२५ पासून घरांच्या नमुन्याला सेट-टॉप बॉक्स व स्मार्ट टीव्ही यांच्याकडून येणाऱ्या प्रचंड माहितीची जोड मिळाली. या बदलांमुळे २०१५ चा आकडा आणि २०२५ चा आकडा शेजारी ठेवून तुलना करणे योग्य नाही.

कारणे : अध्यक्षीय निवडणूक. २०१६ च्या घटीचा मोठा भाग निवडणुकीपूर्वीच्या आठवड्यांत दिसतो. ८ नोव्हेंबरपर्यंत घट सुमारे १४ टक्के होती. मतदानानंतरच्या सामन्यांत ती अगदी अल्प राहिली. २६ सप्टेंबर रोजी हिलरी क्लिंटन व डॉनल्ड ट्रम्प यांची पहिली वादफेरी झाली. ती ८ कोटी ४० लाख लोकांनी पाहिली. त्याच रात्री अटलांटा व न्यू ऑर्लिन्स यांचा सोमवार-रात्रीचा सामना होता. ९ ऑक्टोबरची दुसरी वादफेरी रविवार-रात्रीच्या सामन्याच्या वेळेत आली. २०२० व २०२४ या निवडणूक-वर्षांतही सरासरी काहीशी उतरली. मात्र २०२० मध्ये महासाथीमुळे सर्वच खेळांचे वेळापत्रक विस्कटलेले असल्याने त्या वर्षाचा पुरावा जपून वापरावा लागतो. २०१७ मध्ये निवडणूक नव्हती, तरीही घट झाली. म्हणून या एका कारणावर दोन्ही हंगामांचा भार टाकता येत नाही.

राष्ट्रगीत-निषेध. सॅन फ्रान्सिस्को संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू) कॉलिन केपरनिक २६ ऑगस्ट २०१६ रोजी हंगामपूर्व सामन्यात राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहिल्याचे लक्षात आले. कृष्णवर्णीयांवरील पोलिसी अत्याचार व वांशिक अन्याय यांचा तो निषेध होता. लष्कराच्या विशेष दलातील माजी सैनिक व फुटबॉलपटू नेट बॉयर याच्याशी बोलणे झाल्यावर त्याने बसण्याऐवजी एक गुडघा टेकण्याची पद्धत स्वीकारली. १ सप्टेंबरला सहकारी एरिक रीड त्याच्यासोबत होता. मार्च २०१७ नंतर केपरनिकला कोणत्याही संघाने करारबद्ध केले नाही. २२ सप्टेंबर २०१७ रोजी अलाबामातील हंट्सव्हिल येथील सभेत अध्यक्ष ट्रम्प यांनी गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंना संघमालकांनी काढून टाकावे असे म्हटले. त्या आठवड्याअखेरीस दोनशेहून अधिक खेळाडूंनी निषेधात भाग घेतला. ८ ऑक्टोबरला उपाध्यक्ष माइक पेन्स इंडियानापोलिसचा सामना सोडून बाहेर पडले.

निषेधामुळे सामने पाहणे कमी केले असे सांगणारे प्रेक्षक पाहणी-अहवालांत आढळतात आणि त्यांचे म्हणणे खोटे मानण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्या संख्येचा आहे. ऑक्टोबर २०१६ मधील अंतर्गत पत्रात लीगच्या अधिकाऱ्यांनी निषेधाचा परिणाम दिसत नसल्याचे संघांना कळवले होते. ऑगस्ट २०१६ मधील रिओ ऑलिंपिकचे रात्रीचे प्रेक्षक लंडनच्या तुलनेत एनबीसी वाहिनीवर सुमारे १८ टक्क्यांनी घटले होते. नॅसकार या मोटारशर्यतींचे प्रेक्षकही याच काळात ओसरत होते आणि तिथे असा निषेध नव्हता. २०१८ मध्ये काही खेळाडू गुडघा टेकतच होते, तरी प्रेक्षक वाढले. निषेध हे प्रमुख कारण असल्याचा दावा या गोष्टींपुढे टिकत नाही. मोजता न येणारा काही वाटा त्याचा असू शकतो, इतपतच म्हणता येते.

खेळाडूंची अनुपस्थिती. प्रेक्षकांना खेचणारे काही नामवंत खेळाडू या दोन हंगामांत मैदानाबाहेर होते. पेटन मॅनिंग मार्च २०१६ मध्ये निवृत्त झाला. टॉम ब्रेडी त्या हंगामाचे पहिले चार सामने निलंबित होता. २०१७ मध्ये अँड्र्यू लक पूर्ण हंगाम बाहेर राहिला, जे. जे. वॉट व ओडेल बेकहॅम ज्युनियर ८ ऑक्टोबरला जायबंदी झाले आणि आठवडाभराने एरन रॉजर्सचे गळपट्टीचे हाड मोडले.

जाहिराती व सामन्याची लांबी. खेळाचे घड्याळ ६० मिनिटांचे असते. प्रक्षेपण तीन तासांहून थोडे अधिक चालते. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१० मध्ये केलेल्या मोजणीनुसार चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ साधारण ११ मिनिटे भरतो. उरलेल्या वेळात संघ रचना करतात, पुनर्दर्शने दाखवली जातात, पंच निर्णय तपासतात आणि जाहिराती लागतात.

प्रेक्षकांना सर्वाधिक खटकणारा क्रम पुढीलप्रमाणे होता. संघ टचडाउन करतो (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेतो), अतिरिक्त गुणासाठी चेंडू मारला जातो आणि जाहिराती लागतात. त्या संपल्यावर किकऑफ, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करणारी लाथ, होतो. २०११ मध्ये किकऑफची जागा ३० वरून ३५ यार्डांच्या रेषेवर नेल्यामुळे त्या काळी चेंडू बऱ्याचदा थेट शेवटच्या पट्ट्यात जाऊन पडत असे. कोणी धावत नाही, कोणी अडवत नाही. पंच खेळ थांबल्याची खूण करतात आणि पुन्हा जाहिराती लागतात. अशा वेळी चार-पाच मिनिटांत प्रेक्षकाच्या वाट्याला एक लाथ येते, तिचेही फलित काही नसते. हाती फोन असलेला माणूस इथेच सामन्यातून उठतो. ‘पाहण्याचा वेळ आटला’ या निष्कर्षाशी सर्वांत नीट जुळणारे कारण हेच आहे.

लीगने २०१७ पासून प्रत्येक क्वार्टरमधील जाहिरात-विश्रांती पाचाऐवजी चार केल्या आणि दुहेरी विश्रांतीचा वरील क्रम टाळण्याचे ठरवले. मात्र एका विश्रांतीची लांबी १ मिनिट ५० सेकंदांवरून २ मिनिटे २० सेकंद झाली. पूर्वीचे पाच वेळा ११० म्हणजे ५५० सेकंद. नंतरचे चार वेळा १४० म्हणजे ५६० सेकंद. खेळ खंडित होण्याचे प्रसंग कमी झाले. जाहिरातींचा वेळ कमी झाला नाही.

सामन्यांचा विस्तार. गुरुवार-रात्रीचे सामने २००६ मध्ये लीगच्या स्वतःच्या वाहिनीवर सुरू झाले, २०१४ मध्ये सीबीएसवर आले व २०१६ मध्ये सीबीएस, एनबीसी यांच्यात विभागले गेले. रविवारी खेळलेल्या संघाला चौथ्या दिवशी पुन्हा उतरावे लागते, याबद्दल खेळाडूंनी जाहीर नाराजी व्यक्त केली. सामने वाढल्याने प्रत्येक सामन्याचे अप्रूप घटले, असे मत अनेकांनी मांडले आहे.

केबल सोडणारी कुटुंबे व पर्यायी माध्यमे. ईएसपीएन ही सशुल्क वाहिनी २०११ च्या सुमारास जवळपास १० कोटी घरांत पोहोचत होती. २०१६ पर्यंत ती संख्या ९ कोटींच्या खाली आली. सोमवार-रात्रीचा सामना याच वाहिनीवर असल्याने त्याचे संभाव्य प्रेक्षक आधीच घटलेले होते. २००९ मध्ये सुरू झालेली ‘रेडझोन’ ही लीगचीच वाहिनी रविवारी दुपारी सर्व सामन्यांतील गुण मिळण्याजोगे क्षण त्या काळी जाहिरातींशिवाय दाखवत असे. ‘फँटसी’ स्पर्धांमुळे अनेकांचे लक्ष एका संघाऐवजी निरनिराळ्या संघांतील खेळाडूंवर असते; त्यांना पूर्ण सामन्यापेक्षा असे तुकडे पुरतात. २०१६ मध्ये गुरुवारचे दहा सामने ट्विटरवर व २०१७ मध्ये काही सामने अ‍ॅमेझॉनवर दाखवले गेले. तेथील प्रेक्षक दूरचित्रवाणीच्या मानाने फार थोडे होते.

मेंदूची इजा. डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांतून होणारा ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी’ हा ऱ्हासकारी विकार पिट्सबर्गचा माजी खेळाडू माइक वेबस्टर याच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालू यांना आढळला. त्यांचा शोधनिबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जुलै २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठातील डॉ. अ‍ॅन मकी व सहकाऱ्यांनी एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये हा विकार असल्याचे नोंदवले. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते आणि लक्षणे दिसलेल्या खेळाडूंची कुटुंबेच दानासाठी पुढे येण्याचा संभव अधिक. म्हणून हे प्रमाण सर्व खेळाडूंना लागू करता येत नाही. तरीही हा निष्कर्ष गंभीर आहे.

दोन हंगामांच्या घटीत या ज्ञानाचा वाटा किती, हे मापनयंत्र सांगू शकत नाही. दीर्घकालीन परिणामाची खूण दुसरीकडे दिसते. माध्यमिक शाळांत अकरा जणांचे फुटबॉल खेळणारी मुले २००८-०९ मध्ये सुमारे ११ लाख १२ हजार होती. २०१७-१८ मध्ये ती सुमारे १० लाख ३७ हजार झाली. जो खेळ आपल्या मुलाने खेळू नये असे आईवडिलांना वाटते, तो दुसऱ्यांच्या मुलांनी खेळताना पाहण्याचा प्रश्न नैतिक आहे. प्रेक्षकसंख्येच्या कोणत्याही चर्चेत त्याला जागा असलीच पाहिजे, मग तो आकड्यांत उतरो वा न उतरो.

इतर कारणे. रॅम्स संघ २०१६ मध्ये सेंट लुइसहून व चार्जर्स संघ २०१७ मध्ये सॅन डिएगोहून लॉस एंजेलिसला गेला. हार्वी व अर्मा ही चक्रीवादळे ऑगस्ट-सप्टेंबर २०१७ मध्ये आली. ही स्थलांतरे व वादळे यांमुळेही काही प्रेक्षक कमी झाले असावेत, असे सांगितले जाते.

मूल्यमापन. २०१८ नंतरच्या वाढीचे श्रेय गुणांची रेलचेल, पॅट्रिक माहोम्ससारखे नवे क्वार्टरबॅक आणि मे २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांना खुली झालेली क्रीडा-सट्टेबाजी यांना दिले जाते. यांतील सट्टेबाजीच्या परिणामाविषयी एकमत नाही. घटीच्या काळातही फुटबॉलचे दूरचित्रवाणीतील सापेक्ष स्थान ढळले नव्हते, कारण इतर कार्यक्रम त्याहून वेगाने प्रेक्षक गमावत होते. २०२३ या वर्षात अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० प्रक्षेपणांपैकी ९३ एनएफएलची होती. मार्च २०२१ मध्ये लीगने केलेले ११ वर्षांचे प्रक्षेपण-करार सुमारे ११० अब्ज डॉलर्सचे मानले जातात.

म्हणून २०१६-१७ ची घट ही एका खेळाची अधोगती नव्हती आणि एखाद्या निषेधाची शिक्षाही नव्हती. निवडणुकीने पहिल्या वर्षी लक्ष वेधून घेतले. दुसऱ्या वर्षी जायबंदी खेळाडूंची भर पडली. आणि दोन्ही वर्षे तुकड्या-तुकड्यांनी चालणारे प्रक्षेपण सलग पाहण्याची सवय फोन व इतर पर्याय यांपुढे मोडत गेली. यांतील पहिली दोन कारणे तात्पुरती होती. तिसरे कायम आहे, आणि जाहिरातींचा वेळ प्रत्यक्षात कमी होईपर्यंत ते कायम राहील.