ट्रायो सोनाटा म्हणजे काय? नावात तीन, वाजवणारे मात्र चार!

ट्रायो सोनाटा हा युरोपात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोकप्रिय असलेला, छोट्या मैफलींचा संगीतप्रकार. 'ट्रायो' म्हणजे तिघे. पण वाजवायला सहसा चौघे बसतात.

हे गणित कसे?

तीन ही वादकांची नव्हे, लिहिलेल्या सुरावटींची संख्या. वर दोन व्हायोलिन, खाली खर्जाची एक सुरावट. ती चेलोवादक वाजवतो आणि तीच समोर ठेवून हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन वाजवणारा स्वरमेळ भरतो. खर्जाच्या या साथीला 'कंटिन्युओ' म्हणतात.

स्वरांखालचे आकडे

खर्जाच्या स्वरांशेजारी आकडे छापलेले असत. 'सा'ला आकडा नसेल तर त्यावर ग आणि प वाजवायचे. 'ग'ला ६ असेल तर ग धरून सहावा स्वर, म्हणजे वरचा सा, आणि सोबत प. स्वर ठरलेले, पण ते कसे, किती भरायचे हे वादकाच्या हाती. आपल्याकडे पेटीची साथ लिहून दिलेली नसते, तसेच काहीसे.

एक वही हरवली तर?

हे संगीत एकत्र छापत नसत. प्रत्येक वादकाची वही वेगळी. आर्कांजेलो कोरेल्ली यांचा १६८१चा पहिला संच १२ सोनाटांचा, चार वह्यांचा. अशा संचातली व्हायोलिनची एकच प्रत उरली असेल आणि तीही हरवली, तर ती सुरावट कायमची गेली. कोरेल्ली टिकले, कारण ॲमस्टरडॅमच्या रॉजे आणि लंडनच्या वॉल्श या प्रकाशकांनी त्यांचे संच पुन्हा पुन्हा छापले. वॉल्श यांनीच १७३९मध्ये हँडेल यांचे सात ट्रायो सोनाटा प्रसिद्ध केले. पुढे हायडनच्या काळात चार तंतुवाद्यांची 'क्वार्टेट' पुढे आली आणि कंटिन्युओ मागे पडला.

मराठी दरबारातले व्हायोलिन

तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (राज्यकाळ १७९८–१८३२) यांना पाश्चात्त्य संगीताची आवड होती. त्यांच्या दरबारातले वडिवेलु पुढे त्रावणकोरला गेले. व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. तिथे मात्र छापील वही नव्हती. व्हायोलिन गायकाच्या मागे चालले.

आज कुठे मिळेल?

२००६मध्ये सुरू झालेल्या 'आयएमएसएलपी' या संकेतस्थळावर अशा अनेक जुन्या वह्या मोफत पाहता येतात. गुलमंडीत पेटी शिकणाऱ्यालाही त्या मोबाइलवर उघडता येतील. ऐकताना आधी खर्जाकडे कान द्या. इमारत त्यावरच उभी आहे.