दगडी पुलाचें अंतरंग

मालवणच्या किनाऱ्यावरून समोर पाहिलें, म्हणजे कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा तट लाटांचे तडाखे सोशीत उभा दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवछत्रपतींनीं त्याचा मुहूर्त केला व १६६७ सालीं तो पुरा झाला. त्याच्या पायांत शिसें ओतलेलें आहे. पाहणाराच्या दृष्टीस तें पडत नाहीं. परंतु तटाची खरी मजबुती त्या अदृश्य भागांतच आहे. दगडी बांधकामाचा हा पहिला धर्म सुटला म्हणजे काय होतें, याचा दाखला बरोबर दोनशें वर्षांनीं बोरघाटांतील एका रेल्वेपुलानें दिला.

मालवणच्या बाजूस आगगाडी फार उशिरां आली. कोकण रेल्वेचा सबंध मार्ग खुला झाला तो १९९८ सालीं. मुंबईहून ठाण्यास मात्र ती १८५३ सालींच धांवूं लागली आणि १८५६ त बोरघाटाचें काम सुरू झालें. मुख्य अभियंता होता जेम्स बर्कले. सोळा मैलांच्या आंत १८३१ फूट चढावयाचें; सर्वांत तीव्र चढ सदतिसांस एक; वाटेंत पंचवीस बोगदे आणि आठ मोठे कमानी पूल. एका वेळीं चाळीस हजारांवर मजूर तेथें राबत होते. पटकीनें त्यांच्यांतील असंख्य बळी घेतले. १८५९ सालीं कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मरण पावला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट पुढें चालविलें. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाट खुला झाला.

या पुलांची रचना दिसावयास साधी होती. उंच खांबांवर अर्धवर्तुळाकार कमानी. कमानींतील प्रत्येक दगड शेजारच्यास दाबून धरतो व वरचा भार दोहों बाजूंनीं खांबांत उतरतो. मग सारी भिस्त खांबांवर. खांबाचा दर्शनी भाग घडीव दगडांचा; आंत गोट्यांची व चुन्याची भरणी. दर्शनी दगड आंतवर खोल रुतलेले असले व चुना चांगला मळलेला असला, तर आंतबाहेर एकजीव होतो. तसें न झाल्यास घडीव दगडांचें नुसतें कवच उरतें. आंत पाणी मुरतें, भरणी सुटते आणि कवच फुगूं लागतें.

इंग्रजी दप्तरांत ‘महू की मळी’ या नांवानें नोंदलेला आठ कमानींचा पूल १८६७ च्या जुलैंत, ऐन पावसाळ्यांत, कोसळला. प्रत्येक कमान पन्नास फुटांची होती. घाट खुला होऊन उणींपुरीं चार वर्षेंच लोटलीं होतीं. चौकशींत दोष निघाला तो आराखड्याचा नव्हे, बांधणीचा. त्यानंतर या रेल्वेच्या इतर पुलांचीही तपासणी झाली आणि अनेक बांधकामें उतरवून पुन्हां उभारावीं लागलीं.

बोरघाटाचें श्रेय यानें उणें होत नाहीं. ज्या मजुरांनीं तो बांधला, त्यांचीं नांवें कोठेंही कोरलेलीं नाहींत; त्यांच्या श्रमांस न्याय देणारी भरणी करून घेणें हें देखरेख करणाऱ्यांचें काम होतें. सिंधुदुर्गावर लाट आजही आपटते आणि परत फिरते. दगड दोन्हीकडे सारखेच कठीण. एके ठिकाणीं दृष्टीआडच्या कामाचीही तितकीच चिंता वाहिली गेली. दुसरीकडे ती वाहिली गेली नाहीं, आणि तें उघडें करावयास चार पावसाळे पुरले.